‘पिसा’ ते ‘प्रौढ एडीएचडी’ : वऱ्हाडातील अवधानाच्या प्रश्नाचा ऐतिहासिक अभ्यास (विशेष संदर्भ : शेगाव)

बीजसंज्ञा : अवधान, अतिचंचलता, प्रौढ एडीएचडी, निदान, वऱ्हाड, शेगाव, मानसिक आरोग्य कायदा

प्रस्तावना

रोगांना इतिहास असतो, हे विधान आता नवे राहिलेले नाही. प्लेग, पटकी, देवी यांच्या साथींचा अभ्यास महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात बऱ्यापैकी झाला आहे. तथापि, ज्या व्याधींत माणूस मरत नाही, अंथरुणाला खिळत नाही, केवळ आयुष्यभर मागे पडत राहतो, अशा व्याधींच्या इतिहासाकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. अवधानातील उणीव व अतिचंचलता यांनी ओळखली जाणारी, ‘एडीएचडी’ या आद्याक्षरांनी परिचित असलेली स्थिती ही त्यांपैकी एक होय. ती प्रामुख्याने लहान मुलांची समजली जाते. परंतु ज्यांच्या बालपणी तिचे निदान झाले नाही अशी माणसे पुढे प्रौढ होतात, नोकरी करतात, संसार करतात आणि तिशी-चाळिशीत प्रथमच एखाद्या मनोविकारतज्ज्ञासमोर बसतात. या प्रौढांना तपासणीची व उपचारांची वाट इतकी उशिरा का सापडते, हा प्रस्तुत लेखाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर केवळ वैद्यकात सापडणार नाही; त्यासाठी इतिहासाकडे वळावे लागते. वऱ्हाडात मनाच्या वेगळेपणासाठी कालौघात तीन घरे तयार झाली. पहिले घर संतत्वाचे, दुसरे वेड्यांच्या इस्पितळाचे आणि तिसरे शाळकरी मुलाचे. वेंधळा, विसराळू, हाती घेतलेले काम अर्धवट टाकणारा, पण एरवी शहाणासुरता असलेला प्रौढ या तिन्हींपैकी कोणत्याच घरात बसत नव्हता. त्यामुळे त्याच्या वाट्याला उपचार आले नाहीत, दूषणे आली. हे प्रतिपादन शेगाव (जि. बुलढाणा) हे गाव केंद्रस्थानी ठेवून येथे मांडले आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) अवधानाच्या प्रश्नाविषयी वऱ्हाडच्या परंपरेत कोणती भाषा रूढ होती, ते पाहणे.
२) वसाहतकालीन व स्वातंत्र्योत्तर कायद्यांच्या चौकटीत अशा प्रौढाचे स्थान तपासणे.
३) प्रौढांच्या निदानाची पद्धती व इतिहासाची संशोधनपद्धती यांतील साम्य स्पष्ट करणे.
४) शेगावसारख्या गावातील व्यक्तीस आज उपलब्ध असलेल्या वाटांचा आढावा घेणे.

१. परंपरेची भाषा : पिसे आणि मूर्ख

वऱ्हाडच्या भूमीत ‘वेडा’ आणि ‘पिसा’ या शब्दांना मोठा इतिहास आहे. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकात वास्तव्य केलेले गोविंदप्रभू हे महानुभाव पंथाचे आराध्य होत. त्यांच्या लीळांचे म्हाइंभटांनी केलेले संकलन हा मराठी गद्याचा आरंभीचा ठेवा मानला जातो. त्यातील गोविंदप्रभूंचे वागणे लोकरीतीत न बसणारे आहे. गावकरी त्यांना वेडे म्हणतात, पिसे म्हणतात आणि त्याच वेळी आपल्या सुखदुःखात त्यांच्याकडे धावतही जातात. वेगळ्या वागण्याच्या माणसाला गावाने सांभाळल्याचे हे जुने चित्र आहे.

सुमारे सहा शतकांनंतर शेगावात याचीच पुनरावृत्ती दिसते. दि. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी श्री गजानन महाराज शेगावी प्रथम दृष्टीस पडले, असे परंपरा सांगते. देवीदास पातुरकर यांच्या घराबाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींतील शिते ते वेचून खात असताना बंकटलाल अग्रवाल व दामोदरपंत कुलकर्णी यांनी त्यांना पाहिले. येणाऱ्या-जाणाऱ्यांना जो वेडा वाटला असता, त्याच्या ठायी या दोघांना योगी दिसला. दासगणू महाराजांनी १९३९ मध्ये रचलेल्या ‘श्री गजानन विजय’ या एकवीस अध्यायांच्या ग्रंथाने हा प्रसंग घरोघरी पोहोचविला.

येथे एक पथ्य पाळणे अगत्याचे आहे. ऐतिहासिक व्यक्तींना आजच्या रोगांची नावे चिकटविण्याचा मोह अलीकडे वाढला आहे. तो इतिहासशास्त्रास मान्य होणारा नाही आणि वैद्यकासही नाही, कारण तपासणी ही समोर बसलेल्या व्यक्तीचीच होऊ शकते. गोविंदप्रभू किंवा गजानन महाराज यांच्याविषयी असे कोणतेही विधान करण्याचा येथे हेतू नाही. त्यांना पाहणाऱ्या समाजाजवळ कोणते शब्द होते, एवढेच येथे अभिप्रेत आहे. त्या समाजाजवळ दोन टोकांचे शब्द होते. एक टोक वेड्याचे, दुसरे सिद्धाचे.

मधल्या माणसासाठी जी भाषा होती ती नीतीची होती. ‘ज्ञानेश्वरी’च्या सहाव्या अध्यायात मनाच्या चंचलतेची चर्चा आहे, परंतु तेथे चंचलता ही माणसामाणसांतील फरकाची बाब नसून मनुष्यमात्राच्या मनाचा धर्म आहे, आणि तिच्यावर अभ्यास व वैराग्य हा उपाय सांगितला आहे. समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’च्या दुसऱ्या दशकात मूर्खाची लक्षणे विस्ताराने सांगितली. सावधपणा हा समर्थांच्या शिकवणुकीचा प्राण आहे. साहजिकच बेसावध माणूस तेथे उपदेशास पात्र ठरतो. बोलीभाषेतही धांदरट, वेंधळा, उनाड, आळशी, बेजबाबदार असे शब्द विपुल आहेत. हे सर्व शब्द स्वभावाचा दोष दाखवितात आणि दोषाची जबाबदारी त्या माणसावर टाकतात. ‘याला जमत नाही’ असे म्हणणारा शब्द या यादीत नाही. ‘हा करीत नाही’ असे म्हणणारे मात्र पुष्कळ आहेत.

२. वसाहतकालीन चौकट : न्यायाधीश आणि इस्पितळ

१८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला आणि १९०३ मध्ये हा प्रदेश मध्य प्रांताला जोडला गेला. लोहमार्ग आणि कापसाचा व्यापार यांमुळे शेगावसारखी गावे बाहेरच्या जगाशी बांधली गेली. याच काळात मनोविकाराविषयीचे राजकीय धोरणही आकाराला आले.

१८५८ च्या कायद्याने हिंदुस्थानात वेड्यांच्या इस्पितळांची व्यवस्था घालून दिली. नागपूरचे इस्पितळ १८६४ चे. पुढे रत्नागिरी (१८८६), ठाणे (१९०१) व येरवडा (१९१५) येथील रुग्णालये उभी राहिली. महाराष्ट्राची चार प्रादेशिक मनोरुग्णालये ती हीच. १९१२ च्या कायद्याने इस्पितळात दाखल करण्याची प्रक्रिया दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशी जोडली. हा कायदा स्वातंत्र्यानंतरही चार दशके टिकला. १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा संमत झाला आणि १९९३ मध्ये तो अमलात आला, तेव्हाच त्याची जागा भरून निघाली.

या चौकटीचा विशेष असा की, तिचा प्रश्न उपचाराचा कमी आणि बंदोबस्ताचा अधिक होता. व्यक्ती धोकादायक आहे काय, ती मोकाट फिरते काय, तिच्या मालमत्तेची व्यवस्था कोणी पाहावी, हे कायद्याचे प्रश्न होते. जो माणूस बाजारातून परत येताना निम्मे सामान विसरतो, सावकाराच्या हप्त्याची तारीख चुकवितो, चार धंदे सुरू करून चारही सोडतो, तो या कायद्याच्या दृष्टीने शहाणाच होता. त्याची नोंद इस्पितळाच्या दप्तरात सापडणार नाही. सापडलीच तर ती कर्जाच्या, भांडणाच्या किंवा नोकरीवरून कमी केल्याच्या कागदांत सापडेल, आणि तेथे तिला रोगाचे नाव नसेल. अभिलेखागारातील हे मौन संशोधकाने लक्षात घेतले पाहिजे.

याचा दुसरा परिणाम आजही जाणवतो. मनोविकारतज्ज्ञाकडे जाणे म्हणजे ‘नागपूरला नेऊन ठेवणे’ ही समजूत वऱ्हाडात या इस्पितळाच्या इतिहासातून आली आहे. सुशिक्षित प्रौढही पहिली पायरी चढण्यास कचरतो, त्याचे मूळ येथे आहे.

३. वैद्यकातील नावाचा प्रवास

युरोपीय वैद्यकात या स्थितीचे वर्णन अठराव्या शतकाच्या अखेरीस आढळते. स्कॉटिश वैद्य अलेक्झांडर क्राइटन यांनी १७९८ च्या ग्रंथात एका विषयावर अवधान टिकविण्याच्या असमर्थतेचे वर्णन केले. ती जन्मजात असू शकते आणि वयाबरोबर बहुधा कमी होते, असेही नोंदविले. वयाबरोबर कमी होण्याची ही कल्पना पुढे जवळजवळ दोन शतके टिकून राहिली.

१९०२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज स्टिल यांनी दिलेली व्याख्याने या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा मानली जातात. बुद्धी शाबूत असूनही स्वतःला आवरू न शकणाऱ्या मुलांचे त्यांनी वर्णन केले; परंतु त्यास नाव दिले ते ‘नैतिक नियंत्रणातील दोष’ असे. म्हणजे नीतीची भाषा केवळ आपल्याकडेच होती असे नव्हे. आरंभीचे वैद्यकही तीच भाषा बोलत होते. इंग्लंडमध्ये सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू होऊन तेव्हा जेमतेम दोन दशके लोटली होती, हेही ध्यानात घ्यावे लागते. सर्व मुलांना एका बाकावर, एका वेळी, एकच काम करण्यास बसविल्याखेरीज न बसणारे मूल वेगळे दिसत नाही.

१९३७ मध्ये अमेरिकेतील ऱ्होड आयलंड येथे चार्ल्स ब्रॅडली यांनी तीस मुलांना बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध दिले. त्यांपैकी निम्म्या मुलांच्या शालेय कामात त्यांना ठळक सुधारणा दिसली. उत्तेजकाने चंचल मूल शांत होते, हा अनपेक्षित शोध होता. मेथिलफेनिडेट हे औषध १९४४ मध्ये तयार झाले आणि १९५४ मध्ये बाजारात आले. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत १९६८ साली ही स्थिती ‘बालपणातील’ प्रतिक्रिया म्हणून आली. १९८० साली भर अवधानाकडे वळला आणि १९८७ साली एडीएचडी हे नाव रूढ झाले.

प्रौढांकडे लक्ष जाण्यास १९७० चे दशक उजाडावे लागले. पॉल वेंडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये प्रौढांवरील उपचारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गॅब्रिएल वाइस व लिली हेक्टमन यांनी माँट्रियल येथे अतिचंचल मुलांचा मोठेपणापर्यंत मागोवा घेतला व १९८६ मध्ये तो ग्रंथरूपाने मांडला. मूल मोठे होते, धावणे थांबते, परंतु आतली अस्वस्थता, विसर आणि विलंब अनेकांत उरतो, हे अशा अभ्यासांनी दाखविले. २००६ च्या एका संकलित विश्लेषणानुसार पंचविशीपर्यंत सर्व निकष पूर्ण करणारे सुमारे १५ टक्केच उरतात. मात्र अंशतः त्रास असणारे धरले तर हे प्रमाण सुमारे ६५ टक्क्यांपर्यंत जाते. वीस देशांतील पाहण्यांवर आधारित व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रौढांतील सरासरी प्रमाण २.८ टक्के आढळले. २०१३ च्या निदानपुस्तिकेने प्रौढांसाठी लक्षणांची किमान संख्या कमी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या अकराव्या वर्गीकरणात ही स्थिती मेंदूच्या विकासाशी निगडित विकारांत समाविष्ट झाली. नीतीचा दोष ते विकासातील भेद, हा प्रवास पूर्ण होण्यास एक शतकाहून अधिक काळ लागला.

४. महाराष्ट्र : मुलासाठी उघडलेले दार

महाराष्ट्रात या विषयाची चर्चा शाळेच्या दाराने आत आली. अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत सवलती देण्याचा निर्णय राज्य शासनाने १९९६ मध्ये घेतला. मुंबईतील शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या संस्थांत तपासणी व प्रमाणपत्राची सोय झाली. ठाण्याची इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ १९९० पासून मराठी समाजात मानसिक आरोग्याविषयी मोकळेपणाने बोलण्याचे काम करीत आहे. २००७ मध्ये आलेल्या ‘तारे जमीन पर’ या चित्रपटाने वाचनअक्षमता हा विषय मध्यमवर्गीय घरात पोहोचविला.

या सर्व घडामोडी स्वागतार्ह होत्या. परंतु त्यांचा केंद्रबिंदू मूल हाच होता. तपासणीमागचे प्रयोजन परीक्षा हे होते. शाळा संपली की प्रयोजन संपे. शिवाय या सोयी मुंबई, ठाणे, पुणे या पट्ट्यात एकवटल्या होत्या. १९९० च्या दशकात शेगाव, खामगाव किंवा जळगाव जामोदच्या शाळेत शिकलेल्या मुलापर्यंत त्या पोहोचण्याची शक्यता अल्प होती. आज ती मुले तिशी-चाळिशीत आहेत. प्रौढपणी प्रथम निदान होण्याचा प्रश्न मुख्यत्वे या पिढीचा आहे.

मुलींच्या बाबतीत ही उणीव अधिक गंभीर होती. वर्गात दंगा करणारा मुलगा शिक्षकाच्या नजरेत भरतो. खिडकीबाहेर पाहत बसलेली मुलगी भरत नाही. अवधानातील उणीव ही चंचलतेविना असू शकते आणि मुलींत ती अशा स्वरूपात अधिक आढळते. लग्नानंतर स्वयंपाक, मुलांची शाळा, सासरचे सणवार आणि नोकरी यांचा एकत्रित भार आला की जी ओढाताण उघडी पडते, तिला घरात ‘वळण नाही’ असे म्हटले जाते.

आणखी एक बदल येथे नोंदविला पाहिजे. शेगावात १९८३ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. त्याच वर्षी अमरावती विद्यापीठ स्थापन झाले. शेती, जिनिंग व बाजारपेठ यांवर जगणाऱ्या कुटुंबांतील मुले प्रथमच दीर्घकाळ बैठक मागणाऱ्या शिक्षणाकडे आणि व्यवसायांकडे वळली. शेतीच्या कामाला ऋतूची शिस्त असते, चार माणसांची सोबत असते, शरीराला हालचाल असते. स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका किंवा कार्यालयातील टेबल यांपैकी काहीच देत नाही. तेथे शिस्त स्वतःच स्वतःला लावावी लागते, आणि ज्याला नेमके तेच जड जाते त्याची उणीव तेथे उघडी पडते.

५. निदान : एक इतिहासलेखन

प्रौढांचे निदान रक्ताच्या चाचणीने किंवा मेंदूच्या छायाचित्राने होत नाही. ते सविस्तर मुलाखतीने होते. प्रचलित निकषांत अठरा लक्षणे आहेत. नऊ अवधानाची आणि नऊ अतिचंचलता व उतावीळपणाची. सतरा वर्षांवरील व्यक्तीत दोहोंपैकी एका गटातील किमान पाच लक्षणे असावी लागतात. त्यांपैकी अनेक वयाच्या बाराव्या वर्षापूर्वी दिसलेली असावीत, घर व काम अशा दोन वा अधिक ठिकाणी जाणवावीत आणि त्यांमुळे जीवनात प्रत्यक्ष अडथळा आलेला असावा. नैराश्य, चिंता, द्विध्रुवी विकार, व्यसन, झोपेतील श्वासाचा अडथळा, अवटू ग्रंथीचे विकार यांमुळेही लक्ष लागत नाही. म्हणून ती कारणे आधी तपासावी लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने तयार झालेली व २००५ मध्ये प्रसिद्ध झालेली अठरा प्रश्नांची प्रश्नावली प्राथमिक चाळणीसाठी वापरली जाते. मात्र तिच्यावरून निदान करता येत नाही.

बाराव्या वर्षापूर्वीची अट ही या प्रक्रियेचा कणा आहे. तिशीतील माणसाचे बालपण सिद्ध कसे करावयाचे? येथे मनोविकारतज्ज्ञ जे करतो ते इतिहाससंशोधकाच्या कामाहून फारसे निराळे नाही. तो साक्षीदार शोधतो, कागद मागतो, दोहोंची पडताळणी करतो.

साक्षीदारांत आई प्रथम येते. तिची साक्ष मोलाची, पण निर्दोष नव्हे. चार भावंडांतील कोणते मूल दप्तर विसरून येई, हे तीस वर्षांनी सांगताना आठवणी एकमेकींत मिसळतात. शिवाय आपल्या मुलात काही उणे होते हे मान्य करणे कोणत्याही आईला कठीण असते. थोरली बहीण किंवा जुना वर्गमित्र कित्येकदा अधिक नेमके सांगतो.

कागदांत प्रगतिपुस्तक व शाळा सोडल्याचा दाखला हे मुख्य. दाखल्यावर ‘अभ्यासातील प्रगती’ व ‘वर्तणूक’ असे रकाने असतात. परंतु त्यांत बहुतेकांच्या नावापुढे ‘चांगली’ एवढेच ठरावीक शब्दात लिहिलेले आढळते. ज्या साधनात सर्वांविषयी एकच मजकूर आहे ते साधन कोणाविषयीही काही सांगत नाही, हा साधनचिकित्सेचा प्राथमिक नियम येथेही लागू पडतो. गुणांतील चढउतार, अर्धवट सुटलेल्या उत्तरपत्रिका, शिक्षकाने एखाद्या वर्षी समासात लिहिलेला शेरा, हे त्या मानाने बोलके पुरावे होत. महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंदी लिहिल्या जाऊ लागल्या. त्याआधी शाळा संपविलेल्या पिढीजवळ हा पुरावा नाही.

स्मरणाची मर्यादा किती मोठी असू शकते, हे न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथील अभ्यासाने दाखविले. तेथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या सुमारे एक हजार मुलांचा सातत्याने मागोवा घेण्यात आला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार प्रौढ वयात निकष पूर्ण करणाऱ्यांपैकी सुमारे दहांतील नऊ जणांच्या बालपणीच्या नोंदींत हे निदान नव्हते. याचा अर्थ काय लावावा, यावर तज्ज्ञांत वाद झाला. काहींनी ही दुसऱ्याच कारणाने उद्भवलेली अडचण मानली. काहींनी बालपणीचे निकषच अपुरे होते असे म्हटले. वाद काहीही असो, समकालीन नोंद आणि नंतरची आठवण यांत अंतर पडते हे इतिहासाच्या अभ्यासकास सुपरिचित असलेले सत्य त्यातून अधोरेखित झाले.

म्हणून निदान घाईने होऊ नये आणि पुरावा अपुरा म्हणून नाकारलेही जाऊ नये. पंधरा मिनिटांच्या भेटीत ‘होय’ म्हणणे जितके चूक, तितकेच ‘पदवी मिळाली आहे, तेव्हा हे असणे शक्य नाही’ असे म्हणणेही चूक होय. पदवी कोणत्या किमतीत मिळाली, रात्रभर जागून, शेवटच्या दिवशी, कोणाच्या आधाराने, हे विचारणे तपासणीचाच भाग आहे.

६. उपचार आणि कायदा

औषधांत मेथिलफेनिडेट हे प्रमुख. उत्तेजक नसलेले ॲटोमॉक्सेटिन हे दुसरे. अमेरिकेत २००२ मध्ये मुलांबरोबर प्रौढांसाठीही त्याला मान्यता मिळाली. पहिल्याचा परिणाम त्याच दिवशी जाणवतो, तर दुसऱ्याचा दिसण्यास काही आठवडे लागतात. भूक मंदावणे, झोप कमी होणे, नाडी व रक्तदाब वाढणे यांवर लक्ष ठेवावे लागते. औषधाने लक्ष स्थिर होण्यास मदत होते. सवयी मात्र शिकाव्याच लागतात. त्यासाठी वर्तन व विचार यांवर आधारित उपचारपद्धती, कामांची लेखी यादी, मोठ्या कामाचे लहान तुकडे, ठरलेल्या जागी ठरलेल्या वस्तू आणि कुटुंबाचे प्रबोधन यांचा उपयोग होतो.

भारतात मेथिलफेनिडेट १९८५ च्या अमली औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ कायद्याच्या कक्षेत येते. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ‘एक्स’ परिशिष्टातही त्याचा समावेश आहे. त्याच्या विक्रीसाठी दुकानदारास स्वतंत्र परवाना लागतो, डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानदारास दोन वर्षे जपावी लागते. गैरवापर टाळण्यासाठी हे नियम आवश्यकच आहेत. परंतु लहान गावातील दुकानदार अशा परवान्याच्या खटाटोपात सहसा पडत नाही. परिणामी निदान झाल्यानंतरही औषधासाठी दर महिन्याला शहर गाठावे लागते. ज्याला तारखा लक्षात राहत नाहीत त्यालाच तारखा पाळण्यास सांगणारी ही व्यवस्था आहे.

दि. २९ मे २०१८ पासून अमलात आलेल्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने बंदोबस्ताची जुनी भाषा मागे टाकली. मानसिक आरोग्यसेवा हा त्याने हक्क ठरविला, निदान आंतरराष्ट्रीय मानकांनुसार करण्यास सांगितले आणि विम्यात शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही स्थान देण्याचे बंधन घातले. तथापि, या कायद्यातील मानसिक आजाराची व्याख्या विचार, भावना, आकलन, स्मृती यांतील अशा गंभीर बिघाडावर भर देते, ज्यामुळे निर्णयशक्ती किंवा दैनंदिन व्यवहार फार मोठ्या प्रमाणात कोलमडतात. वरवर व्यवहार सांभाळणारा एडीएचडीग्रस्त प्रौढ त्या व्याख्येत सहज बसत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारांची यादी आहे. अध्ययन अक्षमता व स्वमग्नता तीत आहेत, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. तिन्ही घरांबाहेर उभा असलेला प्रौढ कायद्याच्या नव्या घरातही उंबऱ्यावरच आहे.

७. शेगावातून निघणारी वाट

आज शेगावातील प्रौढास तपासणी करून घ्यावयाची झाल्यास कोणत्या वाटा आहेत? राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला. त्यांचा भर तीव्र मनोविकार, नैराश्य, अपस्मार व व्यसन यांवर राहिला. अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ चे आहे. शेगावहून ते रेल्वेने तासाभराच्या अंतरावर आहे. बुलढाण्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयास २०२४ मध्ये मान्यता मिळाली. नागपूर सुमारे तीनशे किलोमीटर दूर आहे. देशात दर लाख लोकसंख्येमागे मनोविकारतज्ज्ञांचे प्रमाण सुमारे ०.७५ इतके सांगितले जाते, आणि तेही शहरांत एकवटलेले. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निवडलेल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. या सर्वेक्षणाने मानसिक विकारांच्या बाबतीत उपचारांतील तफावत ७० ते ९२ टक्के असल्याचे दाखविले.

परंतु याच प्रदेशात आशादायक अनुभवही आहे. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम राबविण्यात आला. गावातीलच प्रशिक्षित कार्यकर्ते घरोघरी गेले आणि लोकांच्या स्वतःच्या शब्दांत ताण व नैराश्य यांविषयी बोलले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनानुसार नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. राज्य शासनाचा २०१५ मधील ‘प्रेरणा’ प्रकल्पही बुलढाण्यासह चौदा जिल्ह्यांसाठी होता. दि. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. बोलण्यास योग्य शब्द आणि जवळचा माणूस मिळाला तर वऱ्हाडातील माणूस मदत घेण्यास मागेपुढे पाहत नाही, हा या अनुभवांचा अर्थ होय. जे नैराश्याच्या बाबतीत घडले ते अवधानाच्या बाबतीत घडू शकणार नाही, असे मानण्यास कारण नाही.

यात महाविद्यालयीन प्राध्यापकांची भूमिका महत्त्वाची आहे. प्रकल्प नेहमी उशिरा देणारा, तोंडी परीक्षेत चमकणारा आणि लेखी परीक्षेत घसरणारा विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतो. त्याच्याविषयी ‘हुशार आहे, पण अभ्यास करीत नाही’ हा शेरा पिढ्यान्‌पिढ्या दिला गेला. हा शेरा हे निदान नव्हे; परंतु तो चौकशीचा आरंभ होऊ शकतो.

निष्कर्ष

१) वऱ्हाडच्या परंपरेने असामान्य माणसाला ‘पिसा’ म्हणत सांभाळले, सामान्य विसराळू माणसाला मात्र नीतीच्या तराजूत तोलले.
२) १८५८ ते १९८७ या काळातील कायद्यांची चौकट बंदोबस्ताची होती, व्यवहार सांभाळणाऱ्या प्रौढास तीत स्थान नव्हते. १९९६ नंतर शाळकरी मुलासाठी दार उघडले, पण ते शाळेबरोबरच बंद झाले.
३) प्रौढांचे निदान ही पुराव्यांच्या चिकित्सेवर आधारलेली प्रक्रिया आहे. शालेय अभिलेख जपणे व त्यांत अर्थपूर्ण नोंदी करणे हे केवळ कार्यालयीन काम नसून भावी आरोग्यसेवेचे साधन आहे.
४) जिल्हा पातळीवर प्रौढांच्या तपासणीची सोय व औषधाची सुलभ उपलब्धता या तातडीच्या गरजा आहेत.

शेगावच्या ज्या वाटेवर १८७८ मध्ये एका अनोळखी माणसाकडे पाहून दोघेजण थांबले, तेथून इतर अनेकजण न थांबताच गेले असतील. थांबून नीट पाहणे एवढेच त्या दोघांनी प्रथम केले. अवधानाच्या उणिवेने आयुष्यभर बोल ऐकलेल्या प्रौढाची समाजाकडून अपेक्षा त्याहून मोठी नाही.